इराच्या पाठीवरचा हात

इरा दुपारी झोपायची, तेवढाच वेळ माझा. मोशीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या दुपट्यांखाली बसून मी काहीबाही लिहायचे. आठ महिन्यांची पोर, पण गुणाची. कुरकुरली की आतून थप्-थप् ऐकू यायचं आणि ती गप्प व्हायची. मला वाटायचं, सासूबाई थोपटतात. सासूबाईंना वाटायचं, मी. घरात दोन बायका असल्या की असे गैरसमज कुणी दूर करत नाही. छान चाललेलं असतं.

सर्दीसाठी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर अनिशनी तिचं झबलं वर केलं. पाठीवरचा निळसर डाग आम्ही जन्मापासून पाहत होतो. त्याला तळवा आहे, चार बोटं आहेत, हे मात्र त्या पांढऱ्या दिव्याखालीच दिसलं.

"घरात कुणी मारतं का?" त्यांनी विचारलं.

"मारतो की," सासूबाई म्हणाल्या. "मच्छर."

ते हसले नाहीत. डाग जन्मापासूनचा आहे, हेही त्यांना पटलं नाही. कळवणं बंधनकारक आहे म्हणाले, आणि बालकल्याण समितीला कळवलं. निर्णय होईपर्यंत इरा वॉर्डात राहणार. निर्णय उलटा गेला तर घरी न येता शिशुगृहात जाणार. मला तिच्याजवळ राहू दिलं, पण लक्ष ठेवायला दारात केसरबाई आया.

माझा नवरा सुजित चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. समितीच्या मॅडमना म्हणाला, "आमच्याकडे साधा बोल्ट रिजेक्ट करायचा तरी दुसरा माणूस दुसऱ्या गेजने तपासतो. ही तर माझी पोरगी आहे."

मॅडमनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी मागायचा तुम्हाला हक्कच आहे, मागा.

तज्ज्ञ येईपर्यंत सुजितला दम निघेना. व्हर्नियर घेऊन आला. आधी डाग मोजला, मग आमचे हात.

"बांगड्या करतोस व्हय मला?" सासूबाईंनी हात पुढे केला.

त्यांचा जुळेना. माझा जुळेना. त्याचाही नाही. डागाची बोटं आम्हा सगळ्यांपेक्षा एका पेराने लांब होती.

"म्हणजे सुटलो आपण," सुजित म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी मी जेवत असताना इरा रडली. सासूबाई घरी गेलेल्या. मी उठायच्या आत थप्-थप् सुरू झालं. केसरबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. एका हातात डबा होता, दुसऱ्यात पोळीचा घास.

इरा झोपली. शेजारच्या खाटांवरची दोन बाळंही झोपली.

दुसऱ्या तज्ज्ञ म्हणून आलेल्या डॉक्टर मृदुलांनी डाग दाबून पाहिला, तर इरा खिदळली. मार नाही हा, त्या म्हणाल्या. माराचा डाग दिवसागणिक रंग बदलतो, हा दवाखान्यात पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोत होता तस्साच आहे. जन्मखूण. पुष्कळ बाळांना असते, काही वर्षांत जाते. मी बोटांबद्दल विचारलं. ढगातसुद्धा हात दिसतो, म्हणाल्या.

इरा घरी आली. डॉक्टर अनिशनी माफी मागितली. सासूबाईंनी त्यांना रव्याचा लाडू दिला आणि तो संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

काही वर्षांत जाणारा डाग महिन्याभरात गेला.

आता इरा दुपारी टक्क जागी असते. सासूबाईंच्या मांडीवर बसून माझ्या खांद्यामागे बघून हसते. गुंगी मलाच येते. एवढं लिहायला कितीतरी दुपारी गेल्या. चार ओळी झाल्या की डोळा लागतो, गाढ, लहानपणी लागायचा तसा.

काल सासूबाई माझ्या पाठीला तेल लावत होत्या. मध्येच थांबल्या. पदराने पाठ पुसली, पुन्हा पुसली, आणि सुजितला हाक मारली.

त्याने व्हर्नियर आणला. मापलं. पुन्हा मापलं. निळसर बोटं तेवढीच, आमच्याहून एका पेराने लांब.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, असं या वेळी कुणीच म्हणालं नाही.