ओढ्याकाठचं फाटक

सायलस ऑल्डरसनच्या शेतात तंबू ठोकायला तरुण पोरं येतात. अंधार पडला की त्यातलं एखादं हमखास विचारतं, "काका, ओढ्याकाठचं ते फाटक रात्री लावून घेऊ का?"

म्हातारा चहाचा मग खाली ठेवतो. "लावू नका. विनी प्रॅटने लावलं होतं. बसा, सांगतो. ओळखीची बाई आहे. खोटं वाटलं तर तिच्या दाराशी जाऊन विचारा. शिव्या देईल, पण खोटं बोलणार नाही."

मग तो सांगू लागतो.

ऑगस्टअखेरच्या सुट्टीच्या सोमवारची आदली रात्र, म्हणजे रविवारची. संध्याकाळी विनी दूध मागायला ऑल्डरसनच्या दारात आली. गिरणीगावची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी, तोंडाने फटकळ. मागे शेताच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर, तिचा बाप क्लेम बसला होता. जन्मभर त्याने बस चालवली, शहराचे गल्लीबोळ पाठ. आता स्वतःच्या घरातला संडास सापडत नव्हता. पोटच्या पोरीला 'बाई' म्हणायचा, कधी 'सिस्टर'. विनी हे नाव त्याच्या तोंडून येऊन महिने झाले होते.

तिच्या भावाने बापासाठी मंगळवारपासून वृद्धाश्रमात जागा धरली होती. विनीने त्याच्याशी भांडून एवढी सुट्टी मिळवली. तिच्या लहानपणी बाप तिला दर उन्हाळ्यात याच खोऱ्यात पायी हिंडवायचा, पाठीवर तंबू टाकून. एकदा, शेवटचं, तिला त्याला इथे आणायचं होतं.

"त्यांना डोंगरात काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस," भाऊ म्हणाला होता.

"तुझं तोंड बघायला इथे कोण तडफडतंय?" असं ती फटकन बोलली होती.

ऑल्डरसनने दुधाची बाटली दिली. "ओढ्याकाठी ठोक तंबू. शेकोटी पेटवू नकोस. आणि फाटक..."

"सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. बाबांनी कानाखाली वाजवून शिकवलंय."

"मग झालं तर, पोरी."

फाटक उघडं होतं. नुसतं उघडं नाही, त्याच्या गजांतून गवत वर आलं होतं, कित्येक वर्षांत कुणी हलवलं नसावं. शेजारी एक लांबट, सपाट दगड. विनीने त्यावर स्टोव्ह मांडला, सॉसेज परतले, बीन्स गरम केले.

क्लेम खदखदून हसला. "बाई, मढ्याच्या दगडावर स्वयंपाक करतेस होय?"

"काय बोलताय, बाबा?"

"माझ्या आजोबांनी खांदा दिलाय इथे. वरच्या वस्तीला चर्च नव्हतं ना. माणूस मेला की पेटी खांद्यावर घ्यायची, अन् डोंगर उतरून खालच्या गावी. या दगडावर पेटी टेकवायची, खांदा बदलायचा, पुन्हा चालायचं." मग त्याचं हसू गेलं. "त्यांना वाटेत अडवायचं नाही. अडली की माणसं दमतात. दमली की आणखी एक खांदा मागतात."

"खा आता. गार होतंय."

अंधार पडला. विनी भांडी विसळत होती तेवढ्यात क्लेम उठून चालू लागला. फाटकाकडे. फाटकापलीकडे वाट थेट ओढ्यात उतरत होती, आणि ओढा पावसाने भरलेला. तिने धावत जाऊन त्याला आणला, निजवला. पुन्हा उठला. पुन्हा आणला. तिचे पाय भरून आले होते. डोळे मिटत होते. आपण झोपलो आणि हा गेला तर?

ती गेली. गवत मुळासकट उपटलं, खांद्याने रेटून फाटक लावलं आणि गडग्यात खोचलेली निळी सुतळी घेऊन करकचून बांधलं.

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "सकाळी उघडीन. मेंढ्या काय मरत नाहीत."

जाग आली ती पावलांनी.

पुष्कळ पावलं. वरून येणारी. एका ठेक्यात. घाई नाही.

रात्री चालणारे असतील, तिने मनाशी म्हटलं. पण दिवा नव्हता. बोलणं नव्हतं. कोण चालतं असं, दिव्याशिवाय...

पावलं फाटकाशी थांबली.

मग दगडावर काहीतरी टेकलं. जड.

ओढ्याचा आवाज. बाकी काही नाही.

फाटक एकदा हललं. पुन्हा हललं. सुतळी करकरली.

शेजारी क्लेम उठून बसला. अंधारात त्याचा आवाज आला, स्वच्छ, पूर्वीचा.

"विनी. फाटक कुणी लावलं?"

"मी... मी नाही."

"खोटं बोलू नकोस. तुला काय शिकवलं होतं मी?"

"बाबा, तुम्ही जाल म्हणून लावलं. तुम्ही ओढ्यात..."

"उघड जा. दमलेत ते. ऐक."

तिने ऐकलं. बाहेर माणसं धापा टाकत होती.

"तुम्ही हलायचं नाही," ती म्हणाली. तंबूची दोरी त्याच्या मनगटाला बांधली, दुसरं टोक खांबाला. "शप्पथ आहे माझी. हलायचं नाही."



ती अनवाणी बाहेर आली. कुणी नव्हतं. ओल्या लोकरीचा वास मात्र नाकात बसत होता. गाठ सुटेना. दातांनी सोडली. फाटक ओढलं, गडग्याला टेकवलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

काहीतरी उचललं गेलं.

पावलं तिच्या अंगावरून गेली. इतकी जवळून, की गालाला वारा लागला. गेली. गेली. आणखी एक...

शेवटची पावलं वेगळी होती. डावा पाय जरासा ओढणारी. बसचा क्लच दाबून दाबून गुडघा गेलेल्या माणसाची.

"बाबा!"

ती तंबूकडे धावली. क्लेम आत होता. गाढ झोपलेला. दोरी मनगटाला. मोजे कोरडे.

ती उजाडेपर्यंत त्याचा हात धरून बसली.

सकाळी ऑल्डरसन मेंढ्या बघायला आला तेव्हा क्लेम शर्ट काढून उभा होता. "सिस्टर, खांदा दुखतोय हो," म्हणत होता. उजव्या खांद्यावर वळ होता. लालकाळा, पंजाएवढा रुंद, कातडी सोलवटलेली.

"रात्रीचं विनीने सांगितलेलं, पण हे या ऑल्डरसनने डोळ्यांनी पाहिलंय," सायलस सांगतो. "दुसऱ्या कुणाचं ऐकून बोलत नाही मी."

मंगळवारी वृद्धाश्रमातल्या बाईने तो वळ पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "यांना कुणी मारलं?" भावाने विनीकडे पाहिलं. त्याने सांगून टाकलं, हिला एकटीला भेटू द्यायचं नाही. जिला बापाला वाचवायचं होतं, तिलाच बाप मिळाला नाही.

नाताळात भावाची बायको बरोबर होती म्हणून तिला आत सोडलं. दारांना कुलपं, खिडक्यांना गज. क्लेमला चार महिन्यांत अंगणसुद्धा दिसलं नव्हतं. विनी त्याला नवा स्वेटर घालायला गेली. जुना काढला.

उजवा खांदा साफ होता.

वळ डाव्यावर होता. ताजा... अजून ओला.