चौथ्या पेटीतल्या अळ्या

सुरीनं फळ दुभागलं आणि तपासनीस बाईंचा हात जागीच थांबला. बियेभोवती पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"जिवंत आहेत," त्या म्हणाल्या.

सीमाचौकीच्या शेडमधल्या टेबलावर तपासणीसाठी पाच पेट्या मांडल्या होत्या. बाहेर नऊशे पेट्या पीच घेऊन आलेला ट्रक उभा होता. फळमाशीची एक जिवंत अळी सापडली तरी सगळा माल जाळायचा आणि बागेचा परवाना रद्द करायचा, असा चौकीचा नियम होता.

बाग जिची होती, ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. तिची ही पहिलीच निर्यात. "शक्यच नाही, मॅडम. फळं सोळा दिवस शीतगृहात होती. त्या गारठ्यात अळी जगत नाही."

"होतं असं, बाळा." तिच्या वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या उकाड्यातही त्यांनी कोट घातला होता. "माझा माल याच टेबलावर तीनदा नापास झाला. आपल्या घराला निर्यात लाभतच नाही."

बाईंनी त्या चौथ्या पेटीतली बाकीची फळं चाचपली. ट्रकच्या थंडीतून उकाड्यात आल्यामुळे फळांना घाम सुटला होता, सालीवर पाणी जमलं होतं. हातमोजा ओला झाला. किडकं फळ मात्र कोरडं ठणठणीत. शोधल्यावर तशीच आणखी दोन निघाली.

त्यांनी बापलेकीला आणि ड्रायव्हरला समोर बसवलं.

"ट्रकचं सील तोडल्यावर तू कुठे होतास?"

"खिडकीवर, कागदांवर शिक्के घेत," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या कारकुनाला विचारा. मी आधी यांच्या स्पर्धकाकडे कामाला होतो, म्हणून माझ्यावर खापर फोडू नका."

"आणि तुम्ही?"

"तुमच्याच खोलीत," मुलगी म्हणाली. "दाखले दाखवत होते."

"काका, तुम्ही?"

"तुम्ही सांगितल्या त्या पाच पेट्या उतरवून टेबलावर आणल्या. म्हटलं, पोरीला तेवढीच मदत."

"कोट काढता का जरा?"

काकांनी कोट आणखी आवळून धरला.

"नऊशेंतल्या कुठल्या पाच पेट्या उघडायच्या, ते मी इथे आयत्या वेळी ठरवलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधीच कुणी किडकी फळं घातली असती, तर नेमकी तीच पेटी माझ्या वाट्याला कशी आली असती? फळं आत गेली ती पेटी निवडल्यानंतर. त्यांना घाम सुटला नाही, कारण ती थंड झालेलीच नव्हती. कुणाच्या तरी अंगावर, उबेत होती. आणि ट्रकपासून टेबलापर्यंत पेट्या एकाच माणसाच्या हातात होत्या."

बाईंनी कोटाचे खिसे उलटे केले. अस्तराला पीचची बारीक लव चिकटली होती, रसाचा ताजा डागही होता.

"बाबा?"

"कलमं माझी," ते पुटपुटले. "छाटणी मी शिकवली. फवारणी मी शिकवली. आणि परवा बाजारात, चाळीस वर्षं मला ओळखणारा व्यापारी माझी ओळख काय करून देतो? 'हे तिचे वडील!' माझं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं. त्यात तू पहिल्याच फटक्यात सीमेपार जाणार... झोप लागेना मला."

बाईंनी आणखी वीस पेट्या काढून फळं कापली. सगळी निर्दोष निघाली. दुपारी माल पास झाला. काकांना जबाबासाठी थांबवून घेतलं.

निघण्याआधी मुलगी त्यांच्या बाकाजवळ आली.

"माल जाळला असता, तर घरी गेल्यावर माझी समजूत घातली असतीत?"

"घातली असती."

"मनापासून?"

त्यांनी मान वर केली. डोळे डबडबले होते.

"अगदी मनापासून, बाळा."

ती ट्रककडे वळली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी सुरू कर."