हौसाबाईंना कोण ओळखतं?

भामट्यांना दोष देणं सोपं आहे, साहेब. पण भामटे ही भाषा तुमच्या वीज कार्यालयाकडूनच शिकले. धमकी तुमची, घाई तुमची, माणसाला चळचळ कापायला लावणारा तो कोरडा सूरही तुमचाच.

मिरजेच्या संदेशपरीक्षा प्रयोगशाळेत त्या दुपारी हौसाबाई फोन पुढे धरून बसल्या होत्या. दोन मेसेज, दोन्ही वीज कार्यालयाच्या नावाने. मीटरची पडताळणी अपूर्ण आहे, आज चारला वीज तोडू, असं दोन्हींत. पहिल्यात खाली लिंकही होती. घरी त्यांचा नवरा ऑक्सिजनच्या मशीनवर होता.

"खरा कुठला, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगतो की, मावशी. त्यासाठीच तर हा डबा बनवलाय." इंजिनिअर इरफान मुजावरने हात चोळत 'ओळखपारख' हे यंत्र सुरू केलं. त्याची ही पहिलीच खरी परीक्षा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मृणाल कोळेकर म्हणाल्या, "शिक्का, भाषा, आवाज, सगळ्याची नक्कल होते आता. तुमच्याशी झालेल्या बोलण्याची होत नाही. ते खऱ्या कार्यालयाला माहीत असतं, तोतयाला नसतं. म्हणून यंत्र दोघांना एकच प्रश्न विचारणार: हौसाबाईंनी शेवटचा अर्ज कशासाठी केला होता?"

"माझ्या सुनेला विचारा. तिला मागचं सगळं ध्यानात राहतंय."

इरफानने सुनेला फोन करून खरं उत्तर यंत्रात भरलं आणि प्रश्न गेला. पहिल्याचं उत्तर क्षणात आलं: 'पती ऑक्सिजनवर आहेत, घर सोडता येत नाही, पडताळणीला घरी या, असा अर्ज होता. काळजी करू नका, आजी. लिंक दाबा, घरबसल्या काम होईल.'

हिरवा दिवा लागला. इरफानने टेबलावर थाप मारली.

दुसरीकडून आलं: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. या संदेशास उत्तर देऊ नये.' लाल दिवा.

हौसाबाईंचा अंगठा लिंककडे निघाला.

"थांबा मावशी. दिवा हिरवा असला तरी लिंकला हात नाही," मृणाल म्हणाल्या. जुन्या बिलावरचा नंबर त्यांनी स्वतः फिरवला आणि स्पीकर लावला.

"लिंकवाला आमचा नाही, मॅडम," कारकून म्हणाला. "दुसरा आमचा."

"आणि त्यांचा अर्ज?"

"तो... अजून उघडलेला नाही."

"तुमच्याच संगणकातून बाहेर गेलाय तो. भामट्याने वाचला."

चारला वीज तोडू नका, असं मृणाल सांगेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

"यंत्र चुकलं, मॅडम," इरफान पुटपुटला.

"नाही चुकलं. हौसाबाईंना कोण ओळखतं, एवढंच आपण त्याला विचारलं. त्याने खरं सांगितलं."

चारला सुनेचा फोन आला. "आत्या, लाइट गेली. मशीन बंद पडलं. सिलिंडर लावलाय, पण अर्धाच हाय."

इरफानने प्रयोगशाळेची बॅटरी उचलली आणि हौसाबाईंना घेऊन धावला. मृणाल यंत्रासमोर बसल्या आणि कार्यालयाला लिहू लागल्या:

'वीज जोडा. आमचा प्रश्न अजून तुमच्या पुढ्यात आहे. हौसाबाईंनी अर्ज कशासाठी केला होता? भामट्याला माहीत आहे. तुम्हाला? सिलिंडर अर्धा आहे. उत्तर द्या.'