ग्राहक क्रमांक सतरा

"हलू नका," तो म्हणाला. "तुमच्या डाव्या पायापाशीच असणार."

मी हलणार तरी कशी? चष्म्याची एक काडी माझ्या हातात होती, उरलेला चष्मा मांडीवरच्या नोंदवहीत पडला होता आणि त्या दोघांना जोडणारा तांदळाच्या कणीएवढा स्क्रू काकूंच्या स्टेशनरीच्या दुकानात कुठेतरी घरंगळला होता. समोर निळ्या शर्टातली एक धूसर आकृती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होती.

"सापडला."

त्याने खिशातून पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, काडी बसवली, मऊ कापडाने दोन्ही काचा पुसल्या आणि चष्मा अलगद माझ्या नाकावर ठेवला. दुकान पुन्हा स्पष्ट दिसायला लागलं. त्याचा चेहराही दिसला, जरा जास्तच जवळून.

"तुम्ही नेहमी खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरता?" मी विचारलं.

"समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागलोय, कालपासून. आणि तुम्ही नेहमी खिडकीत स्टुलावर बसून लोकांकडे बघता?"

"मी संशोधन करते. मार्केटिंगमध्ये पीएचडी."

"म्हणजे नेमकं काय शोधता?"

"लोक एकाच दुकानात पुन्हा पुन्हा का येतात ते."

"का येतात?"

"ते कळलं असतं तर इथे स्टुलावर बसले असते का?"

तो हसला. मीही हसले, आणि तिथेच माझं चुकलं.

कारण नियम माझाच होता. संशोधनाच्या आराखड्यात मी माझ्या हाताने लिहिलं होतं: निरीक्षकाने ग्राहकाशी बोलू नये, बोलणं झाल्यास त्या ग्राहकाला अभ्यासातून वगळावं. माझा अभ्यास अगदी साधा होता. सहा आठवडे काकूंच्या दुकानातल्या वस्तू नेहमीसारख्या लावलेल्या, म्हणजे पेनं एकीकडे, वह्या एकीकडे. पुढचे सहा आठवडे त्याच वस्तू कामाप्रमाणे लावलेल्या, म्हणजे चित्रकलेचं सगळं एका फळीवर, पत्रं लिहायचं सगळं दुसऱ्या फळीवर. दोन्ही वेळा चाळीस-चाळीस ग्राहक, आणि कोण किती वेळा परत आलं त्याची मोजदाद. नव्या मांडणीने लोक जास्त वेळा परत येतात असं दिसलं की प्रबंध लिहायला मोकळी. तीन वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी घालवली होती.

त्या दिवशी नव्या मांडणीचा दुसरा दिवस होता. मी त्याला सहभागाचा फॉर्म दिला, त्याने सही केली आणि मी त्याला क्रमांक दिला, सतरा. नियम आठवला नाही असं म्हणणार नाही. आठवला होता. एवढ्याशा स्क्रूसाठी कोण नियम काढून बसतंय, असं मी स्वतःला समजावलं.

सतरा दुसऱ्या दिवशी आला, आणि तिसऱ्या दिवशीही.

मी आता तोंडाला कुलूप लावलं होतं. पण तो काही कमी नव्हता. काउंटरपाशी न जाता तो थेट माझ्या स्टुलाशेजारी, खिडकीत उभा राहायचा आणि तिथूनच काकूंशी बोलायचा. लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार.

"काकू, एक खोडरबर द्या. आणि मला सांगा, काही माणसं दिवसभर गप्प कशी बसू शकतात?"

"त्यांना कामं असतात," काकू फळीवरून खोडरबर काढत म्हणायच्या. "कालचा खोडरबर कुठे गेला?"

"संपला."

"एका दिवसात? एवढं काय चुकतं तुझं?"

"हल्ली बरंच चुकतंय, काकू. ग्राहकाचा चष्मा समजून परवा मालकांच्याच चष्म्याच्या काचा बदलल्या."

मी मान खाली घालून सतराच्या पुढे एक रेघ मारायची. हसू आवरत नसलं की पानाची कड दुमडत बसायची. त्या सहा आठवड्यांत माझ्या नोंदवहीला एकही सरळ कड राहिली नाही.

एका दुपारी पाऊस भुरभुरत होता. त्या दिवशी तो आला नाही, कारण त्यांच्या दुकानात शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांची तपासणी होती. दर पाच मिनिटांनी मी रस्त्यापलीकडे बघत होते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो त्यांच्या काचेशी आला, वाफ धरलेल्या काचेवर बोटाने काहीतरी लिहिलं आणि बाजूला झाला. मी चष्मा पुसून वाचलं. मला वाचता यावं म्हणून त्याने उलटं लिहिलं होतं: सतरा हजर.

"ही हजेरी धरायची का ग?" काकूंनी मागून विचारलं.

"दुकानात पाऊल टाकलं तरच," मी म्हटलं, आणि कान तापले ते घरी पोचेपर्यंत निवले नाहीत.

सहा आठवडे संपले. आकडे मांडले आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. नव्या मांडणीत लोक खरंच जास्त वेळा परत आले होते. मी धावतपळत मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम माझ्या मार्गदर्शक. कोणतीही आनंदाची बातमी त्या आधी चष्म्याच्या वरून बघतात, मग चष्म्यातून.

"हा सतरा कोण?" त्यांनी विचारलं. "बाकीचे दोनदा-तीनदा आलेत आणि हा एकतीस वेळा. दुकान विकत घेतोय का?"

"त्याला... लागतात वस्तू."

"काय लागतं?"

"खोडरबर."

मॅडमनी पेन्सिल उचलली, सतरावर काट मारली आणि पुन्हा हिशेब केला. फरक उरलाच नाही. दोन्ही मांडण्या जवळजवळ सारख्या.

"बाई ग, तू एका माणसाच्या सुतावरून स्वर्ग गाठलायस. इथे कुठेतरी पाणी मुरतंय. शेवटची प्रश्नावली सगळ्यांकडून भरून घेतलीस ना? ह्याची कुठे आहे?"

ती नव्हती. नव्या मांडणीतल्या बाकीच्या एकोणचाळीस जणांकडे मी जाऊन आले होते, त्याच्याकडे जायला पाय उचलत नव्हता.

"आठ दिवसांनी समितीपुढे उभं राहायचंय," मॅडम म्हणाल्या. "तो मांडणीमुळे येत असेल, तर त्याला ठेव आणि प्रबंध लिहायला बस. दुसऱ्या कशामुळे येत असेल, तर त्याला काढ. मग पुन्हा सहा आठवडे दुकानात, पुन्हा सगळी आकडेमोड, म्हणजे सहा महिने गेले. जाऊन विचार त्याला."

परतताना काकूंना सगळं सांगितलं. घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "मी तुझ्या लग्नाचं एक अक्षर तरी काढते का? नाही ना? मग एवढंच सांग, तो प्रबंध कधी संपणार?" मी म्हटलं, "एका माणसाला विचारून सांगते." आईने वाढायचा डाव हवेतच धरला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रस्ता ओलांडला. दुकानात तो एकटाच होता. चारी भिंतींवर चष्मे, आणि प्रत्येक काचेत मीच घाबरलेली. मी कागद पुढे केला.

"हे काय, आता बोलायची परवानगी आहे?"

"फक्त कागदावरचं. दुकानात परत येण्याचं मुख्य कारण कोणतं? मांडणी, किंमत, जवळ असणं, की इतर? एकावर खूण करा."

त्याने पेन उचललं. खुणेआधी एकदा माझ्याकडे बघितलं, मग झटकन खूण करून कागद माझ्याकडे सरकवला.

मांडणी.

माझा प्रबंध बचावला. तीन वर्षं कारणी लागली. खूण केलेला कागद घडी करून पर्समध्ये टाकायचा, आभार मानायचे आणि निघायचं, एवढंच काम उरलं होतं. आणि मला चक्क रडू येत होतं. रडूपेक्षाही रागच जास्त. एकतीस दिवस हा माणूस कपाटांसाठी येत होता?

"मांडणी," मी म्हटलं. "छान. मग सांगा, खोडरबर कुठल्या फळीवर आहेत?"

"हा प्रश्न कागदावर आहे?"

"नाही. मी विचारतेय."

त्याने मान खाजवली. "डावीकडे... वरती?"

"उजवीकडे. चित्रकलेच्या फळीवर, रंगपेट्यांच्या खाली. एकतीस वेळा घेतलेत तुम्ही."

"काकू आणून द्यायच्या."

"आणि तुम्ही?"

"मी खिडकीत उभा असायचो."

"मग मांडणीवर खूण का केलीत?"

तो हातातली काच पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

"काल काकूंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, तुमचं सगळं माझ्या उत्तरावर अडलंय. मांडणी म्हटलं तर पदवी, नाहीतर सहा महिने वाया. म्हटलं, माझं काय, मी नंतर कधीतरी सांगेन. तुमचं काम तर होऊ दे."

"नंतर काय सांगणार होतात?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून उपयोग नाही. ग्राहकाने सांगावं लागतं."

तेव्हा त्याने काच खाली ठेवली. "तुमच्यासाठी येत होतो. पहिल्या दिवशी पेन्सिल घ्यायला आलो होतो, ती अजून घेतलेली नाही. तुम्ही हसू दाबायला पान दुमडता ना, ते बघायला यायचो. पावसात येता आलं नाही त्या दिवशी मुलांना अक्षरं वाचायला सांगत होतो आणि स्वतः खिडकीतून तुम्हाला वाचत होतो." मग एकदम ओशाळून म्हणाला, "द्या तो कागद. फाडून टाकतो. नाहीतर तसाच ठेवा. तुम्ही म्हणाल तसं."

मी पर्स उघडली, नवा कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. आतून इतकं हलकं वाटत होतं की सहा महिने म्हणजे किती, हे त्या क्षणी मला नीट आठवतही नव्हतं.

"खरं कारण लिहा," मी म्हटलं.

"आणि तुमची पदवी?"

"ती माझी आहे. मी बघेन."

त्याने 'इतर'वर खूण केली आणि खालच्या दोन ठिपक्यांच्या ओळींवर हळूहळू लिहिलं. वाचायला द्यायच्या आधी कागदावर हात ठेवून म्हणाला, "हे समितीतले सगळे वाचणार?"

"मोठ्याने," मी म्हटलं.

मोठ्याने सांगायची वेळ खरंच आली. समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी परिशिष्ट उघडलं आणि विचारलं, "सतरा क्रमांक वगळलाय. कारण?"

मी उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. दुकानभर कारण शोधत होते आणि ते स्टुलावर बसलं होतं.

"सर, तो ग्राहक मांडणीसाठी येत नव्हता. संशोधिकेसाठी येत होता. मी पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलले, तेव्हाच त्याला वगळायला हवं होतं. मी वगळलं नाही, कारण त्याने रोज यावं असं मला वाटत होतं. चूक माझी आहे."

मॅडम टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होत्या. मग ज्येष्ठ सर खोकले, रुमाल काढला, आणि रुमालाआड ते हसतायत हे सगळ्यांनाच दिसलं.

"इतकी प्रामाणिक त्रुटी मी आजवर वाचली नव्हती," ते म्हणाले. "पुन्हा सहा आठवडे. ह्या वेळी निरीक्षक दुसरा बसवा. आणि मांडणीने फरक पडला नाही, असं निघालं तर तसंच लिहा. तेही उत्तरच असतं."

बाहेर पडताना मॅडमनी माझा खांदा दाबला. "सहा महिने गेले की ग."

"गेले," मी म्हटलं. माझा चेहरा काही केल्या दुःखी होईना.

तो फाटकापाशी उभा होता. मालकांकडून दोन तासांची सुट्टी घेऊन आला होता आणि चेहरा असा, की जणू त्याचीच परीक्षा होती.

"काय झालं?"

"पुन्हा पहिल्यापासून. आणि तुम्हाला सहा आठवडे काकूंच्या दुकानात यायला बंदी."

"माझ्यामुळे..." त्याने मान खाली घातली. "मी सरळ पेन्सिल घेऊन गेलो असतो तर बरं झालं असतं."

"मला बरं वाटलं नसतं."

त्याने मान वर केली. मला वाटलं होतं, हे बोलताना शब्द अडखळतील. पण समितीपुढे एकदा खरं बोलून झालं की पुढचं फारसं अवघड राहत नाही.

"काल आईला सगळं सांगितलं," मी म्हटलं. "प्रबंध लांबणार म्हणून. तिने विचारलं, कुणी लांबवला? मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानातल्या एका माणसाने. मग तिने विचारलं, तुला राग नाही आला त्याचा?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही. मला तो आवडतो."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्याने माझ्या हातातली प्रबंधाची जाडजूड फाइल स्वतःकडे घेतली आणि मोकळा झालेला माझा हात धरून ठेवला.

"आई काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"म्हणाली, रविवारी जेवायला घेऊन ये. सहा महिने कुणासाठी घालवलेस, ते बघू तरी दे मला."