ओढलेली लाकडं

टण् टण् टण् टण्...! बंबखान्याची घंटा वाजू लागली आणि सरूबाईच्या तळहातावरची भाकर तव्यावर न पडता पुन्हा परातीत गेली. तिने चुलीतली लाकडं भराभर मागे ओढली, निखाऱ्यांवर राख लोटली, तवा उतरून भिंतीला टेकवला आणि ती उंबऱ्याशी आली, तोवर तिचा नवरा कोंडाजी ओल्या पायांनी गल्लीच्या तोंडाशी पोहोचलासुद्धा होता! बिचारा दुपारच्या भाकरीला म्हणून घरी आला होता, नुकतेच कुठे पाय धुतले होते... पण आगीच्या बंबावरचा जमादार तो! घंटा झाली की त्याला ना तहान, ना भूक, ना बायको.

लाकडं ओढण्याची ही रीत सरूबाईला सासूने घालून दिली होती. आपला माणूस आगीपुढे उभा असताना घरच्या चुलीत जाळ असू नये, असं म्हातारी म्हणे. विस्तव मात्र विझवायचा नाही, कारण विझलेली चूल सुतकाच्या घरची. निखारे राखेखाली जिवंत ठेवायचे, घरात कुणी घास घ्यायचा नाही आणि माणूस सुखरूप परत आला की त्याने आपल्या हाताने लाकूड पुढे सारायचं, मग भाकरी! नाशकात शहाणी माणसं पुष्कळ होती, ती हसत. हसेनात बापडी! त्यांची माणसं कुठे छपरावर चढत होती?

म्हातारी गेली तेव्हा कोंडाजीचा धाकटा भाऊ भिमाजी एवढासा होता. देवाने सरूबाईची कूस उजवली नाही, पण ते दुःख करायला या पोराने तिला सवडच दिली नाही! घंटा झाली की तो पिठाच्या मडक्याला टेकून बसायचा, पोटात कावळे ओरडत असले तरी भाकरी मागायचा नाही.

"वहिनी, दादा येईल ना गं?"

"येईल. तू निखारा जिवंत आहे का तेवढं बघ."

मग तो राख हळूच बाजूला करून बघायचा आणि म्हणायचा, "जिवंत आहे, वहिनी."

असा हा भिमा शिकला, वकिलाकडे कारकून झाला, चतुराबाईसारखी गोरीगोमटी बायको घेऊन आला आणि मागच्या निवडणुकीत शहराच्या म्युनिसिपल कमिटीचा मेंबरही झाला! त्या दिवशी कोंडाजीने बंबाचं पितळ असं घासलं होतं की त्यात तोंड दिसावं. पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही...

मंदीचे दिवस होते. कमिटीत विषय निघाला की बंबवाल्यांचे पगार कापावेत, नाहीतर बंबच ठेक्याने देऊन टाकावा. "आगी लागतात त्या किती, आणि हे बारा महिने बसून पगार खातात!" असं चौकाचौकांत लोक बोलू लागले. खंडेराव नावाचा एक ठेकेदार पुढे आला. आगीमागे ठरलेला दर घ्यायचा आणि लागतील तेव्हा रोजाने माणसं आणायची, असा त्याचा हिशेब होता. आणि भर सभेत त्याची बाजू घेऊन कोण बोललं? भिमाजी!

बाजारात ही बातमी ऐकून कोंडाजी घरी आला तो लालबुंद होऊन. "येऊ दे त्याला! तू माझा भाऊ की ठेकेदाराचा, एवढंच विचारतो. उत्तर चुकलं तर या जन्मात त्याचं तोंड बघणार नाही!"

सरूबाई हातातलं काम टाकून उठली. नवऱ्याचा शब्द तिला ठाऊक होता! एकदा रागात त्याने तंबाखू सोडली, ती पुन्हा हुंगलीसुद्धा नव्हती. तंबाखू सुटली तर सुटली... भाऊ सुटला तर? शब्द निघण्याआधीच दोघांना लांब करायला हवं होतं. ती बाहेर गेली, गल्लीतच दिराला आडवी झाली आणि ज्या तोंडाने त्याला अंगाई म्हटली त्याच तोंडाने म्हणाली,

"भाऊजी, तुम्ही दोघं आता वेगळं बिऱ्हाड करा. मला नाही होत तुमचं."

भाऊजी...! तुम्ही...! भिमाजी तिच्याकडे बघतच राहिला. जन्मात तिने त्याला अशी हाक मारली नव्हती. त्याने त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत खोली घेतली.

तेव्हापासून गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, धुणं आपटताना बायका सरूबाईकडे बघून कुजबुजत. "लहानाचा मोठा केला, आणि पंख फुटल्यावर घराबाहेर काढला!" त्याचंही तिला काही वाटलं नसतं, पण कोंडाजीही तसंच समजून बसला. राग ओसरल्यावर त्याला भावाची आठवण छळू लागली आणि तो बायकोशी कामापुरताच बोलू लागला. सांगावं तरी काय? तुमच्या जिभेला भ्याले म्हणून? तिने सगळं पोटात घातलं. पोट बाईचं ना, मावतं त्यात सगळं!

आज संध्याकाळी त्याच ठेक्यावर कमिटीत मतं पडायची होती, आणि आजच ही घंटा...

ती उंबऱ्यात बसून होती, तोच इब्राहिम भिश्ती गल्लीतल्या आडावर पखाल भरायला धावत आला. कोंडाजीच्या बंबाला पाणी पुरवता पुरवता त्याची दाढी पिकली होती. आज त्याचा चेहरा काळवंडलेला होता.

"भाभी, गवताची वखार पेटलीय... छप्पर बसलं! कोंडाजी आत होता, अजून बाहेर दिसला नाही. तुम्ही दुवा करा, भाभी!"

पखाल पाठीवर घेऊन तो पळालासुद्धा. सरूबाई होती तिथेच बसून राहिली; किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. कुणाला सांगावं? कुणाला पाठवावं? तिचं मन विचारच करत राहिलं, शेवटी पायच आपणहून निघाले... पलीकडच्या गल्लीत, त्या खोलीकडे, जिचा उंबरा तिने एकदाही ओलांडला नव्हता!

मागचं दार उघडंच होतं. ती आत शिरली आणि जागच्या जागी खिळली.

चुलीतली लाकडं मागे ओढलेली होती. निखाऱ्यांवर राख होती. तवा भिंतीला टेकवलेला, मळलेलं पीठ तसंच झाकून ठेवलेलं... आणि पिठाच्या डब्याला टेकून, अंगात मेंबराचा कोट घालून, उपाशीपोटी भिमाजी बसला होता!

"जाऊबाई..." चतुराबाई गडबडून उठली. "घंटा झाली की हे मला लाकडं ओढायला लावतात. या घरात आल्यापासून एकदाही चुकलं नाही."

भिमाजीने वर बघितलं. "निखारा जिवंत आहे, वहिनी..."

"भिमा! अरे, छप्पर बसलं रे! तुझा दादा आत आहे!"

तो ताडकन उठला, दाराकडे धावला आणि दारातच थबकला. समोर कोंडाजी उभा होता! भुवया होरपळलेल्या, अंगभर काजळी, उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि त्याला धरून इब्राहिम.

"मागची भिंत फोडून निघाला, भाभी," इब्राहिम धापा टाकत म्हणाला. "आग आटोक्यात आली. आधी तुमच्या घरी गेलो, तर तुम्ही नाही. शेजारी म्हणाले, इकडे आलात."

कोंडाजी आत येऊन भावाच्या चुलीकडे बघू लागला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्यासाठी लाकडं ओढतोस आणि माझाच बंब विकतोस होय रे?"

"दादा!" भिमाजीला हुंदका आवरेना. "मला तुझी नोकरी घालवायची नव्हती रे, मला ती घंटा घालवायची होती! सारं लहानपण या राखेकडे बघत काढलं. बंब ठेक्याने गेला की तू सुटशील, एवढंच मला दिसत होतं..."

"वेडा आहेस! ठेका दिला म्हणून घंटा वाजायची थांबते का? मी नसेन तर दुसऱ्या कुणाचा तरी दादा आत शिरेल. रोजावर आणलेला, आदल्या दिवशी बंबाला हातसुद्धा न लावलेला. त्याच्या घरीही कुणी उपाशी बसलेलं असेलच की!"

तेवढ्यात चतुराबाई पुढे आली आणि सरूबाईच्या पायांशी बसली.

"जाऊबाईंनी आम्हाला घालवलं नव्हतं! त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मोठे भाऊजी यांचं तोंड बघणार नाही म्हणाले, ते ऐकूनच बाई बाहेर धावल्या. मला सगळं कळलं होतं... पण मला वेगळं घर हवं होतं, म्हणून मी गप्प बसले."

कोंडाजी बायकोकडे वळला. आगीत न डगमगणारा तो गडी त्या क्षणी पार कोलमडला! "सरू... आणि मी तुलाच इतके दिवस...?"

"आता बोलतच बसणार का?" सरूबाईने पदराने डोळे पुसले, चतुराबाईला उठवून जवळ घेतलं. "निखारे निवतील. सारा ते लाकूड पुढे."

कोंडाजी चुलीशी बसला, पण भाजलेल्या हाताने लाकूड धरवेना. तेव्हा भिमाजीने त्याच्या हाताखाली आपला हात घातला आणि दोघांनी मिळून लाकूड पुढे सारलं. जाळ झाला. पहिली भाकरी इब्राहिमच्या हातात गेली आणि दुसरी भिमाच्या.

"सभेला जा," जेवता जेवता कोंडाजी म्हणाला. "मत तुझं आहे, तुला पटेल तिकडे दे. पण पोटभर जेवून जा."

त्या संध्याकाळी भिमाजी सभेत उभा राहिला, आपलं आधीचं बोलणं चुकलं होतं असं सगळ्यांदेखत म्हणाला आणि ठेक्याचा ठराव थोडक्या मतांनी पडला. पगारकपातीचा विषय पुढच्या सभेवर गेला, तिथेही भांडायचंच होतं. पण परतताना तो पलीकडच्या गल्लीकडे वळला नाही. चतुराबाईने तवा आणि पिठाचा डबा आधीच जुन्या घरी आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी गंगेवर त्याच बायकांतल्या कुसाबाईने धुणं पिळता पिळता खोचून विचारलंच, "काय गं सरू, दीर परत आला म्हणे?"

सरूबाईने कोंडाजीचा काजळीने माखलेला सदरा दगडावर आपटला आणि ती म्हणाली, "गेला कधी होता?"