हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह उघडला, तर आत काहीच नव्हतं.

"चहाआधी तर वाजला होता!" सिस्टर म्हणाल्या. निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गेल्या वर्षी वारलेल्या नवऱ्याने गायलेलं अंगाईगीत त्यात होतं. दोनच ओळी, पुढचं नवऱ्यालाच आठवलं नव्हतं.

"फोनवरून घेतलं होतं. तो फोन मंगळवारी कायमचा बंद पडला. त्यांचा आवाज एवढाच उरलाय हो, माई."

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी संगणक मंडळ भरे. खाजगी तपास करणाऱ्या माई आणि त्यांचे शेजारी वकील, दोघंही सभासद. वकिलांनी लगेच दार अडवलं.

"बसा हो, पेनड्राइव्हला पाय नसतात," माई म्हणाल्या. "चहाच्या वेळी इथे कोण होतं?"

तिघं. शिकवणाऱ्या बाई, टेलर आणि सिस्टरांचे धाकटे दीर, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी.

"मी फळा पुसत होते," बाई म्हणाल्या. "गेल्या शनिवारी सगळ्यांना सारखेच पेनड्राइव्ह दिले, कॉपी करायला शिकवलं. सरावाचं पान प्रत्येकाने आपापल्यात घेतलं. ओळखायला दोरे बांधले."

"घड्याळजी नव्हते ना तेव्हा?"

"नाही. त्यांना आज दिला."

टेलर हसला. "मला हवं असतं तर कॉपी नसतं केलं? दोन मिनिटांचं काम!"

घड्याळजी खिडकीकडे बघत राहिले. "दादाच्या आजारपणात दवाखान्यावरून वाजलं आमचं. वर्षभर बोलणं नाही. मी कशाला हात लावू?"

माईंनी हिरवा दोरा बोटावर घेतला. "सिस्टर, गाठ तुमची?"

"छे! मी टाक्यासारखी दुहेरी मारते. ही साधीच आहे."

"म्हणजे टेलर!" वकील उसळले. "दोरा-गाठी त्याचाच धंदा."

"वकीलसाहेब, कोर्टातही असंच करता का?" टेलर म्हणाला.

"नुसतं पुसायचं असतं तर दोरा कुणी सोडला असता?" माई म्हणाल्या. "दोरा सोडून दुसऱ्या पेनड्राइव्हला बांधलाय. हा सिस्टरांचा नव्हेच. यात सरावाचं पानसुद्धा नाही. कुणाला तरी आवाज हवा होता. कॉपी येणारा कॉपी करून मोकळा झाला असता. अख्खा पेनड्राइव्ह उचलला, तो कॉपी न येणाऱ्याने. घड्याळजी, या खोलीत कोरा पेनड्राइव्ह एकच होता. तुमचा. तो आत्ता माझ्या हातात आहे."

घड्याळजींनी खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "आईचं गाणं ते. दादाच्या तोंडून ऐकलं आणि राहवलं नाही, वहिनी. मागायला तोंड नव्हतं."

"मागून तर बघायचं, भावजी." सिस्टरांचा आवाज चिरकला. "माझा जीव गेला होता की इथे!"

त्यांनी तो पेनड्राइव्ह लावला.

नीज रे पाखरा, झाड झालं मुकं,
वाऱ्याने पांघरलं पानापानांत धुकं...

आवाज तिथेच थांबला. आणि घड्याळजींच्या ओठांतून, नकळत, पुढचं आलं:

उशाला चांदणं, पायाशी सावली,
जागते रे तुझ्यासाठी एकली माऊली.

सिस्टरांनी खुर्ची सरकवली.

"बसा इथे. बाई, आधी यांचं रेकॉर्ड करा. मग मी यांना कॉपी शिकवते."