वास कधी बंद झाला?

"मी सासूला विष घातलं नाही, ताई. पण पाच वाजता पोलिसांनी परत बोलावलंय, आणि या वेळी सोडतील असं वाटत नाही."

दादरच्या त्या लहानशा ऑफिसात दर्शना मेस्त्री खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. खासगी गुप्तहेर कालिंदी रेगेने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मदतनीस सौमित्रने वही उघडली. त्याचं अक्षर देखणं होतं, डोकं मात्र नेहमी दोन पावलं मागे.

दर्शनाच्या सासूबाई जाईबाई लालबागला, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, सुक्या मासळीचे डबे करायच्या. काल दहाला दर्शनाने त्यांना चहा दिला आणि ती कामावर गेली. एकला नवरा राहुल घरी आला, तर आई ओट्यापाशी पडलेली.

"माझा नवराच पोलिसांना म्हणाला, चहात बघा. आदल्या दिवशी माझं नि सासूबाईंचं वाजलं होतं ना. मला थेट चौकीत बोलावलं. तेव्हापासून घराचं तोंड पाहिलेलं नाही."

"कशावरून वाजलं?"

"डबे बंद करा म्हटलं. आठवडाभर त्यांचं डोकं ठणकत होतं. बाजारात गेल्या की बऱ्या, ओट्यापाशी आल्या की परत तेच. त्यात त्या हॉटेलवाल्या गॅस-भट्टीची ज्योत पिवळी. टोपांची काळी बुडं घासून माझे हात गेले."

"किचनला खिडकी?"

"काच फिक्स आहे. एक्झॉस्ट पंखा तेवढा. दारही बंद ठेवायच्या. सोसायटीची नोटीस आली होती, वास येतो म्हणून."

नोटीस लावणारे सेक्रेटरी चिंतामणी गावकर लॉबीतच भेटले.

"आता इथे सगळ्या तऱ्हेचे लोक राहतात, मॅडम. लिफ्टमध्ये बोंबलाचा वास म्हणजे काय वाटतं?"

"तुम्ही जाईबाईंना कधीपासून ओळखता?"

"चाळीपासून. शेजारचीच खोली."

"त्यांच्या हातचं खाल्लं असेल."

गावकरांनी शर्टाचं बटण चाचपलं. "लहानपणी. पण नोटिशीने काम झालं बघा. डक्टच्या पोकळीतून वर माझ्याकडे येणारा वास आठ दिवस झाले बंद."

सौमित्रने ते लिहून घेतलं. कालिंदीने लिफ्टचं बटण दाबलं.

बाराव्या मजल्यावर राहुलने दार उघडलं. तो एसी मेकॅनिक होता. दारामागे हत्यारांची बॅग, वर चंदेरी टेपचं भेंडोळं.

"मी किचनमध्ये पायच टाकत नाही. आईचं राज्य ते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चेहरा एवढा लालबुंद कसा, असं काहीतरी."

कालिंदीने एक्झॉस्ट लावला आणि जाळीपाशी कागद धरला. कागद जाळीला चिकटून बसला.

"चला, हवा तर व्यवस्थित जाते," सौमित्र म्हणाला.

"आज जाते."

ती बाथरूममध्ये गेली. तिथली काचपट्ट्यांची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडत होती. सगळ्या पट्ट्यांवर धूळ होती, खालच्या दोन मात्र पुसलेल्या. त्यांतून हात घातला की पंख्याचं बाहेरचं तोंड हाताला लागत होतं. तोंडाभोवती चिकट पट्टे होते, आणि एका कोपऱ्यात चंदेरी तुकडा.

साडेचारला तिने इन्स्पेक्टरसाहेबांना तिथेच बोलावून घेतलं. दर्शना आली, गावकरही आले.

"चहाचा कप बाजूला ठेवा," कालिंदी म्हणाली. "जाईबाई रोज मासळी तळत होत्या. तरी आठ दिवस वास वर गेला नाही. म्हणजे हवाच वर गेली नाही. त्याच आठवड्यात डोकेदुखी, पिवळी ज्योत, काळे टोप. बंद खोलीत एवढी भट्टी पेटली की हवा पुरत नाही. मग गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. चेहरा मात्र लाल दिसू शकतो. पोस्टमार्टमला राखलेलं रक्त त्यासाठी तपासून घ्या, साहेब."

"पण पंखा तर ओढतोय," सौमित्र म्हणाला.

"कारण बूच काढलंय. काल जाईबाई पडल्यानंतर. दर्शना तेव्हा कामावर होती, तिथून थेट चौकीत. तिथे हात पोचतो तो फक्त या घराच्या बाथरूममधून. टेप एसीवाल्यांची. आणि जो माणूस हवेचेच मार्ग बसवून पोट भरतो, त्याला आईच्या भट्टीची हवा कोंडताना काहीच सुचलं नाही?"

राहुल जाळीकडे बघत बोलू लागला.

"लिफ्टमध्ये लोक नाक दाबायचे. गावकरकाका रोज टोकायचे. आई ऐकेना. मला वाटलं, फोमचा तुकडा लावला तर काय होणार आहे."

"मी असं काही कर म्हटलं नव्हतं," गावकर घाईने म्हणाले.

"तुम्हाला कायदा हात लावणार नाही," कालिंदी कडाडली. "ज्या बाईच्या ताटात जेवलात, तिच्या तव्याची लाज वाटली तुम्हाला! दार बंद करून भट्टी पेटवायला लावलीत, आणि वास गेला म्हणून खूश झालात!"

गावकर दाराकडे सरकले. दर्शना मात्र नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझं नाव घेतलंस तेव्हा तुला माहीत होतं."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आत आलास, आई पडलेली दिसली. आधी डॉक्टरला फोन केलास की आधी फोम काढलास?"



"फोम," तो म्हणाला.

"तेव्हा त्यांचा श्वास चालू होता?"

"मी बघितलंच नाही."